तिसरा जिना

सोहारच्या या घरात राउटर
खाली मजलिसमध्ये, धूपदाणीच्या शेजारी.
पहिल्या जिन्यावर सिग्नलच्या तीन दांड्या,
दुसऱ्यावर एक, तीही येऊन-जाऊन.
भिंतींत सळ्याच इतक्या.

काम दुसऱ्या मजल्यापुरतं:
धाकट्या शेखचा गेम अडकतो.

गच्चीवर मात्र, टाकीमागे,
उलट्या बादलीवर उभे बाणकोटचे मुकादम,
हातात फोन, त्यात बायको
रागावता रागावता थिजलेली.
"चार मिनिटं झाली," म्हणाले,
"पुढचंच तर ऐकायचंय."

नऊ मीटर वायर उरली होती.
डबा जिन्याच्या माथ्याशी ठोकला,
तोंड जरासं वर.

शिडी उतरवतोय तोवर
टाकीमागून आख्खी बोलणी ऐकू आली,
मध्ये कुठे न तुटता.
मुकादम नुसते "हो, हो" करत होते.