पडद्याएवढा फरक

मनसरच्या बंद खाणीत, मँगनीजच्या काळ्या भिंतीपाशी
दोन कापडी पिशव्या खिळ्याला टांगल्यात.
दोन्हींत एकेक पाकोळी, दोन्ही थरथरतायत.
वजन सात ग्रॅम.
आणि सात ग्रॅम.

भिंग पुढे घेते. नाकावर पान हिच्या, तिच्याही.
कान तेवढेच, पंखाचं हाडही तेवढंच.
फक्त दोन नाकपुड्यांमधला पडदा
हिचा सरळ, तिचा जरासा फुगीर,
जणू खसखशीचा दाणा आत अडकलाय.
तेवढ्यावर रकाना बदलतो:
हिच्यापुढे ‘चिंता नको’,
तिच्यापुढे ‘धोक्यात’.

फगनलाल उईके बॅटरी धरून उभे.
खाण चालू होती तेव्हा याच बोगद्यात खपले बावीस वर्षं.
म्हणतात, “मॅडम, दोघी तं एकाच मायच्या दिसून राहिल्या.
मंग हिची चिंता काऊन नाही?”

मी पट्टीवरचे मिलिमीटर पुन्हा मोजते.
बोगदा बुजवायची नोटीस
तोंडाशीच चिकटवलीय.
दोघींना मिळून एकच.

सोडताना उईके हात उघडतात, आधी एक, मग दुसरा.
अंधारात कोणती कुठे गेली, आम्हा दोघांनाही कळत नाही.

रात्री सिव्हिल लाइन्सच्या खोलीत, कूलरच्या घरघरीत
ध्वनिमुद्रणं उघडते.
कानाला न ऐकू येणारी हाक
संगणकाच्या पडद्यावर रेघ होऊन उमटते:
हिची खाली, तिची बोटभर वर.
आणि दोन्हींच्या मधोमध
एक तिसरी.

पुन्हा लावून बघते. आहे.
नाव लिहायचा रकाना तसाच सोडते.
कूलरमधलं पाणी संपलंय बहुतेक,
गरम वारा यायला लागलाय.