पंधरा किलोचा डबा

छेडाशेठनी चहाचा घोट घेता घेताच सांगितलं,
"ताई, आज दीडशे वर."
मी विचारलं, का?
त्यांनी बोट वर केलं,
जणू भाव त्या पंख्यातून पडतो.
"ड्यूटी वाढवली. काल रात्री."

काल रात्री मी कोपरखैरणेत
उद्याची मटकी भिजत घालून झोपले होते.

वाशीच्या दाणा मार्केटातून
ज्ञानू शेडगेनं सात डबे टेम्पोत चढवले.
"तुझी हमाली वाढली का रे?"
हसला.
"पाठीला भाव कळत नाय, आक्के.
वजन कळतं."

दुपारी, ऐन गर्दीत, मोबाइल थरथरला.
पिठाच्या हातानं उघडला. हिरवा आकडा.
मागच्या पाडव्याला पोरानं माझ्या नावानं
चाळीस शेअर घेऊन ठेवलेत,
याच तेलाच्या कंपनीचे.
डब्यावर आहे तेच सूर्यफूल
मोबाइलमध्ये, तिळाएवढं.

अकरा रुपये वर.
वहीत मांडलं, एकाखाली एक:
चाळीस गुणिले अकरा, चारशे चाळीस, तेही कागदावर.
सात गुणिले दीडशे, एक हजार पन्नास, रोख.
मालकीण म्हणून कमावलं,
गिऱ्हाईक म्हणून गमावलं,
दोघींच्या मधे कोण बसलंय
ते वहीत येत नाही.

संध्याकाळी तेजस पेढे घेऊन आला.
व्याजदर उतरले, घणसोलीच्या फ्लॅटचा हप्ता
आठशेनं खाली.
सुनेनं गल्ल्यावरच्या गणपतीपुढे पेढा ठेवला.
मीही खाल्ला. गोड होता.
त्याच वेळी काउंटरपाशी
कारखानीसकाका उभे होते, दोन पोळ्या, एक भाजी,
हातात बँकेची पिशवी:
"ठेव पुन्हा टाकली. व्याज कमी झालंय म्हणे."
मी पेढ्याचा पुडा त्यांच्यापुढे केला.
त्यांनी घेतला. कशाचे, ते विचारलं नाही.

रात्री मार्कर घेऊन फळ्यापाशी गेले.
पोळी सात रुपये.
सातचे आठ करायला किती वेळ लागतो?
पण समोर नवीन केंद्र झालंय, तिथेही सातच.
मार्कर टोपण लावून ठेवला.

सकाळी उंड्यातून
अंगठ्याएवढी कणीक काढून घेतली. प्रत्येक.
लाटणं तसंच फिरलं, पोळी तेवढीच गोल,
फक्त पोळपाटाची कड जरा जास्त दिसली.
बिस्किटवाले हेच करतात,
पुडा पाचचाच, आत हवा जास्त.
त्यांच्याकडे त्यासाठी मोठी माणसं असतात, कोट घातलेली.
माझ्याकडे अंगठा.

चौथ्या दिवशी काका म्हणाले,
"हल्ली दोन पोळ्यांत भागत नाही हो.
या वयात भूक वाढते का?"
मी तव्याकडे बघत राहिले.
"तीन द्या," म्हणाले,
नाणी मोजली, पुन्हा मोजली.
"आणि भाजी अर्धीच."

तवा तापलेला होता,
पण धूर माझ्याच डोळ्यांत गेला असेल.

आता कुसुमला सांगून ठेवलंय,
दोन उंडे वेगळे, झाकून, पूर्वीच्या मापाचे.
"का हो मावशी?"
"त्या पोळ्या जुन्या भावाच्या आहेत."
बाकीच्यांच्या?
बाकीच्यांच्या अंगठाभर कमीच.
खोटं कशाला सांगू.

तेजस म्हणतो, शेअर विकू नकोस,
लांबचा विचार कर.
करते.
दुकान बंद करताना
रिकामा डबा वाडग्यावर तिरपा, उपडा लावून ठेवते.
थेंब सुटतो, थांबतो,
बराच वेळ काहीच नाही,
मग एक.
सकाळपर्यंत वाडग्यात
एका पोळीपुरतं तेल उतरतं.