आयर्विनला किती?

मार्केट यार्डात कावीळ ओळखू येत नाही.
ह्यांच्या नखांत, भुवयांत, बनियनच्या शिवणीत
तीस वर्षांची राजापुरी हळद.
पाठ चोळली तरी पाणी पिवळं.
डॉक्टरांनी खालची पापणी ओढून बघितली,
आत पांढरंशुभ्र.
"हर्नियाच्या आधी रक्त तपासू. नेहमीचंच आहे."

कागदावर एकच शब्द जाड होता.
अँटी-एचसीव्ही : रिअ‍ॅक्टिव्ह.
मी सातवी शिकलेली. अक्षरं लागली,
अर्थ लागेना.
लॅबच्या खिडकीतला मुलगा म्हणाला, "डॉक्टरांना दाखवा,"
आणि आदगोंडा बिरनाळेंच्या पुढचं नाव पुकारलं.

त्या रात्री मी ह्यांचा पेला वेगळा ठेवला.
हे काही बोलले नाहीत.
पेला मात्र दिसत राहिला,
फळीच्या टोकाला, पालथा.

मगदूमबाईंनी विचारलं, कधी रक्त चढवलं होतं का?
चढवलं होतं की.
कवठे महांकाळच्या वळणावर ट्रक उलटला,
मोठी दीड वर्षांची होती तेव्हा.
दोन बाटल्या. कुणाच्या, ते कुणी विचारलं नाही.
त्या माणसाला मी आजवर मनातल्या मनात दुवा देत आले.
अजून देते.

बाई म्हणाल्या,
हा शब्द सांगतो की विषाणू कधीतरी आत आला होता,
आणि शरीरानं त्याची नोंद ठेवली.
काहींचा आपोआप निघून जातो. तुमचा गेला की आहे,
ते दुसऱ्या तपासणीत कळेल.

मी म्हटलं, म्हणजे भिंतीवरची रेघ.
बाई लिहायच्या थांबल्या.

आमच्या गावभागातल्या घरात
फडताळाच्या वरच्या फळीला लागून
एकोणीसच्या पुराची रेघ आहे.
दोनदा चुना मारला, एकदा ऑइलपेंट,
तरी वर येते.
पाणी इथवर आलं होतं, एवढं ती सांगते.
आत्ता घरात पाणी आहे का, हे तिला काय विचारायचं?
त्यासाठी पायाखाली बघायला लागतं.

"तसंच," बाई म्हणाल्या,
आणि आणखी एक नळी भरायला लावली.

नऊ दिवस.
पुरात आम्ही गच्चीवर एकमेकांना सारखं विचारायचो,
आयर्विनला किती? वाढलं का थांबलं?
आता हे रात्री दोनला उठून बसायचे,
"आला का गं आकडा?"

आला. आठ लाख चाळीस हजार.
सौद्यात एवढा आकडा आम्ही
कायम दुसऱ्याच्याच नावावर ऐकलेला.
बाई म्हणाल्या, आकडा मोठा म्हणून लिव्हर तेवढं बिघडलं, असं नसतं.
ते वेगळं मोजू.
पाणी आहे, एवढंच धरा.

रोज एक गोळी, बारा आठवडे.
आणि मी न विचारता सांगितलं, भांड्यांनी नाही पसरत हे.
घरी आले, पेला सुलटा केला,
चहा ओतला, पहिला घोट मी घेतला.
दाढीचं पातं तेवढं वेगळं.

गोळ्या संपल्या. आणखी बारा आठवडे थांबलो.
एचसीव्ही आरएनए : आढळला नाही.
ह्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं,
मग कागद घडी घालून पासबुकात ठेवला.
बाई म्हणाल्या, पहिली तपासणी परत केली
तर ती तसंच म्हणेल, रिअ‍ॅक्टिव्ह. घाबरायचं नाही.
आणि रेघ आहे म्हणून
पुढचा पूर अडत नाही, हेही ध्यानात ठेवा.

गणपतीत मंडळाचं रक्तदान शिबिर होतं.
हे अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून गेले.
दोन बाटल्यांचं देणं होतं म्हणाले.
टेबलावरच्या पोरीनं सगळं ऐकून घेतलं,
पासबुकातला कागदही वाचला.
"काका, बरे झालात तरी तुमचं नाही घेता येत."

बिस्किटाचा पुडा मात्र तिनं हातात दिला.
तो आम्ही संध्याकाळी दोघांनी संपवला,
एकाच पेल्यात बुडवून.