तेरावा सेकंद

सिरियलमध्ये तीन वर्षं नर्स होते.
वाक्य एकच : 'पेशंट शुद्धीवर येतोय.'
मंडईतली भाजीवाली अजून विचारते,
आला का हो शेवटी?

मग एरंडवण्यातलं तळघर, भिंतींना गाद्या ठोकलेल्या.
तिथे मी अस्वल झाले, दोन माकडं,
एक सर्दी झालेली परी,
आणि वीज कंपनीची बाई.
भाड्याची वीस मिनिटं उरली, फुकट कशाला घालवा,
म्हणून कीबोर्डवर काहीतरी वाजवलं.
त्यातले बारा सेकंद त्यांनी विकत घेतले.

काल कोथरूडला दिवे गेले. फोन लावला.
'आपण रांगेत आहात,' मीच मला म्हणाले,
किती गोड, किती खोटं.
मग ते बारा सेकंद.
पुन्हा. पुन्हा.

अंधारात पायाने ठेका धरून
तेराव्यापासून पुढचं गुणगुणत बसले.
पलीकडून कुणी 'हॅलो' म्हणालं,
तर म्हटलं, थांबा हो जरा,
समेवर येऊ दे.