तीन गुणांचा प्रश्न

आठवीच्या पेपरात होता, तीन गुणांचा:
घळई आणि निदरी यांतील फरक स्पष्ट करा.
मी दोन्हींखाली एकच आकृती काढली होती,
उलटा धरलेला डोंगर.
खुटवड बाईंनी लाल पेनाने विचारलं,
मग फरक कुठाय?

तो आता दिसतोय, अठरा वर्षांनी,
अल हमरापासून वर जबल शम्सच्या चढावर,
दोन हजार गॅलन गोडं पाणी पाठीशी घेऊन
पहिल्या गिअरमध्ये.

रस्ता संपतो तिथे जमीनही संपते.
गुडघ्याएवढा कठडा, मग हजार मीटर काहीच नाही.
तळाशी वादी.
आमच्याकडे वाडी म्हणजे दहा घरं आणि एक पार.
इथे वादी म्हणजे
पाणी जिथे राहून गेलं ती जागा.
एका अक्षराचा फरक,
हा मात्र मला पहिल्याच दिवशी कळला.

काठावर खल्फान बिन मसूदची टाकी.
नळी लावून आम्ही दोघं बसतो.
त्याची बायको शेळीच्या केसांचा गालिचा विणते,
लाल पट्टा, काळा पट्टा, मळका पांढरा,
आणि समोरचा कडाही तसाच, पट्ट्यापट्ट्यांचा,
कुणी आधी विणला, विचारायची सोय नाही.
खल्फान खिशातून दगड काढतो.
दगडात शिंपली.
म्हणतो, हा सगळा समुद्र होता.
तळाशी चुना साचत गेला, थरावर थर,
मग कधीतरी खालून खांदा लागला
आणि तळ वर आला, ढगांच्या वाटेत.
उचलताना तडे गेले.
पाणी तर तडाच शोधत असतं.

बाई, तुम्ही सांगितलं होतं, पाणी दगड कापतं.
अर्धंच सांगितलं होतं.

मार्चमधली दुपार. माझ्या डोक्यावर ऊन,
पाऊस कुठेतरी डोंगरापलीकडे.
वादी घूलच्या उतारावर खल्फानचा भाचा
दोन्ही हात हलवत आडवा आला:
वादी आली! वादी आली!
आधी आवाज आला, आणि तो पाण्याचा नव्हता.
रिकाम्या पिंपात नारळ घोळवावेत
तसा, पण छातीत.
मग चहाच्या रंगाचा लोंढा,
पोटात फ्रिजएवढे धोंडे.
पाणी नुसतं मनगट हो, बाई.
छिन्नी दगडाचीच.

वर्षातून तीन-चार दिवस कामावर येते ही नदी,
बाकी सगळे दिवस गैरहजर,
आणि केवढं काम करून ठेवलंय!
आमच्या कुकडीनेही निघोजला
रांजण कोरलेत दगडात, सुंदर कोरलेत,
पण आमच्याकडे पाऊस काठांनाही सोडत नाही,
खांदे झिजवतो, उतार पाडतो, गवत लावतो,
दरी बसकी होत जाते, माणसाळते.
इथे बाजूंना हात लावणारं कुणी नाही.
म्हणून भिंती उभ्याच्या उभ्या,
आणि झीज होते ती फक्त खाली,
खाली, खाली.

हे मला खोलीवर आडवं पडल्यावरही सुचलं असतं.
नऊ वर्षं झाली इथे.
गावी गेलो की म्हणतात, अगदी आहे तस्साच आहेस.

त्या दिवशी पाच तास थांबलो,
पाण्याने भरलेला टँकर,
पाण्याने अडवलेला.
भाच्याने खजूर दिले. बिया आम्ही लोंढ्यात फेकल्या.
वर खल्फानची टाकी कोरडी,
खाली एवढं पाणी की गाडी घालायची हिंमत नाही.
त्याला हसू आलं, मग मलाही.

मागचा नळ गळत होता, बरेच दिवस गळतोय.
थेंब पडत होता खालच्या सपाट दगडावर,
एकाच ठिकाणी,
आणि कसलीच घाई नव्हती त्याला.
मी पाना बाहेर काढला,
थोडा वेळ हातात धरला,
आणि परत पेटीत ठेवला.

खल्फानला सांगू नका.