फाट्यावरचं परदेश

दर गुरुवारी बाजाराच्या थैल्या भरल्या की
हे हळूच विचारतात,
"चालतं का व, परदेशात?"
आणि गाडी घराकडे न वळता
सावळापूर फाट्याकडे वळते.

गुणवंताचं हॉटेल. टिनाचं छप्पर,
कढईत आलुबोंडे, गंजात तर्री,
भिंतीवर बियाण्याच्या कंपनीचं तीन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर.
आत पडदा लावलेली एक खोली,
वर पेंटरनं लिहिलंय: फक्त फ्यामिली.
आम्ही तिथं बसत नाही.
बाहेरच बसतो, रस्त्याच्या कडेला,
एकमेकांकडे तोंड करून.

हे कुठं शिकलो, सांगते.

लेकीनं वेल्सला नेलं होतं, बाळंतपणासाठी.
ते उरकल्यावर चार दिवस दोघांनाच रेल्वेत बसवून दिलं,
"फिर आता आई, नुसतं घर झाडू नको."
मेंढ्या, झिमझिम, आणि कोपऱ्या-कोपऱ्यावर पब.
पब म्हणजे गुत्ता, एवढंच आम्हाला ठाऊक.
मी दारातच पदर सावरून उभी.
हे म्हणाले, "कोणी पाह्यलं तं?"
कोण पाहणार होतं बाप्पा,
दारव्ह्याचं कोण होतं तिथं!

आत एक म्हातारी लोकर विणत बसलेली.
टेबलाखाली कुत्रं निजलेलं, कोणी हाड म्हणेना.
आम्ही बसलो. पाऊण तास.
कोणी विचारेना.
मग कळलं, इथं आपणच उठून
गल्ल्यावर सांगायचं असतं.

एकतीस वर्षं विजेच्या खांबांवर चढलेला हा माणूस,
अकरा हजार व्होल्टला न भ्यालेला,
घरात पाण्याचा गडवा ज्यानं हातानं घेतला नाही,
तो रांगेत उभा राहिला.
मी लांबून पाहत होते,
शाळेत पहिल्या दिवशी सोडलेल्या पोराकडं पाहावं तशी.
बोटांनी दोन दाखवले. मग माझ्याकडं बोट.
आणि आले, दोन हातांत दोन ताटं,
जीभ दातांत धरून.
आधी माझ्यापुढं ठेवलं.

जेवण म्हणाल तर काही नव्हतं.
सालासकट बटाटा, नारळाएवढा.
उकडलेले वाटाणे, मिठाशी अबोला धरलेले.
मी पर्समधून जवसाची चटणी काढली.
यांनी हिशेब मांडला:
"एका ताटात सतरा किलो तूर गेली."

पण मी यांना जेवताना समोरून कधी पाहिलंच नव्हतं.
वाढणारीला दिसते ती टाळू,
आणि ताटातली रिकामी जागा.
समोरून दिसलं,
हे डाव्या दाढेनंच चावतात. उजवी केव्हा पडली?
पहिल्या घासाला डोळे मिटतात, एक क्षणभर.
"पाहून काय राह्यली?"
"काई नाही. जेवा."
थोड्या वेळानं तेच म्हणाले,
"तू लय हयू जेवतं व."
म्हणाले, जसं काही कालच लग्न झालंय.

घरी आलो, सगळं जागच्या जागी गेलं.
पाट यांचा, ओटा माझा.
पोळी गरम हवी,
आणि गरम पोळी करणारी उभीच असते.
मी बोलले नाही. भिंतीपलीकडं जाऊ आहे,
भिंतीला कान आहेत, कानांत डूल आहेत.
पण एका गुरुवारी फाट्यावर थांबलो
आणि हे उठून गल्ल्याकडं चालू लागले.
गुणवंता गडबडला,
"बसा ना लाईनमन भाऊ, पोट्टं आणून देते!"
"राहू दे. मी नेतो."
बाकावरच्या चौघांनी बिड्या ओढायच्या थांबवल्या.
दोन प्लेटी. तर्री सांडली अंगठ्यावर, चटका बसला.
जीभ दातांत.
आधी माझ्यापुढं.

आज आलुबोंडा आतून जरा कच्चाच होता.
कापसाचा ट्रक गेला, तर्रीवर धूळ बसली.
बाकाखाली कुत्रं येऊन निजलं,
गुणवंता हाड म्हणायला धावला तर हे म्हणाले,
"असू दे रे. तिकडं चालते."
"तिकडं म्हंजे कुठं, भाऊ?"
यांनी उत्तर दिलं नाही.

मी अजून अर्ध्यावर होते.
हे रिकामी प्लेट पुढ्यात घेऊन
थांबले होते.