बुडण्यासाठी बांधलेला रस्ता

वर्षातले सहा महिने हा रस्ता नसतो.
सिमेंटचा आहे, सरकारी आहे,
पण बांधतानाच ठरलेलं :
हाओर भरू लागलं की मुकाट पाण्याखाली जायचं
आणि कार्तिक सरताना शेवाळासकट वर यायचं.

मखलिस मियाँची रिक्षा तेव्हा मेहुण्याच्या गोठ्यात,
विटांवर चढवलेली.
भोंगा मात्र काढून त्याने नावेला बसवलाय.
इथे कोण आडवं येणार, विचारलं
तर म्हणतो, बदकं.

मी पुढे बसते, मांडीवर लसींचा निळा डबा.
कालिकोना समोर दिसतं,
नाकासमोर गेलं तर अर्धा तास.
पण हा माणूस
बुडालेल्या चहाटपरीपाशी डावीकडे वळतो,
कबरस्तानाला वळसा घालतो,
हिजलाच्या तीन शेंड्यांशी पुन्हा उजवीकडे,
रस्ता खाली जसा वळतो तस्सा.

बर्फ वितळतोय, मी ओरडते, सरळ घ्या ना!
सरळ गेलं तर लोकांची शेतं लागतात, आपा,
तुडवत कसं जायचं?

सात-आठ हात पाण्याखालची शेतं.

हिजलांच्या पुढे एका जागी तो इंजिन बंद करतो.
बांबू खाली सोडतो.
काठाला लागताना हाच बांबू चिखलात रुततो, आवाज न करता.
इथे ठक् होतं.
एकदाच. मग पुन्हा इंजिन.

त्याने नाही, टपरीवाल्या बानेसाने सांगितलं मला,
हिवाळ्यात, टपरी कोरडी असताना :
त्या साली पाणी चैत्रातच आलं. भात हिरवा होता.
रस्त्यावर गुडघाभर.
चाकाला जास्त, नावेला कमी.
रिक्षा तिथे बंद पडली, आत नुरेफा, दिवस भरलेली,
आणि हाका मारून बोलावलेली नाव
येता येता सिमेंटवर टेकली.
चाळीस पावलांवर.
माणसं उतरली, ढकलली, उचलली...

बानेसाने गाळणी झटकली.
मुलगी वाचली, म्हणाली. चौथीत आहे.

आता चैत्र लागला की
दवाखान्याच्या पायरीवर उभी राहून मी पाणी बघते :
चाकाला जास्त? नावेला कमी?
एकदाचं पुरतं बुडालं की झोप लागते.

पुढच्या पावसाळ्यात मखलिस मियाँ टपरीपाशी डावीकडे वळला.
मी काही बोलले नाही.
डब्यात बर्फाच्या दोन विटा जास्त भरते हल्ली.